वाचकांचे प्रश्न : अपग्रेड केलं आणि डेटाबेस 'करप्ट' म्हणायला लागला

या महिन्याची पत्रं आणि मेल उघडून बसले तर निम्म्याहून जास्त एकाच रडगाण्याची निघाली. काहीतरी अपग्रेड केलं, कुणी ऑपरेटिंग सिस्टीम, कुणी डेटाबेस, कुणी नुसतं बिलिंगचं सॉफ्टवेअर, आणि दुसऱ्या दिवशी डेटा गेला, डेटा करप्ट झाला. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. उत्तरं सुरू करायच्या आधी एकच सांगते, कारण ते प्रत्येक उत्तरात परत लिहायचा कंटाळा येणार आहे: काहीही दुरुस्त करायला जायच्या आधी डेटाबेस बंद करा आणि त्याच्या फाइल्सची, आत्ता आहेत तशा, मोडक्या का असेनात, पूर्ण कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा. पत्रं वाचून माझं तरी मत असं झालंय की अपग्रेडने जेवढा डेटा बिघडवला त्याच्यापेक्षा जास्त घाईघाईच्या दुरुस्तीने बिघडवलाय. (कमांड इथे देवनागरीत छापल्यात, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय आहे, अठरा हजाराच्या आसपास पुस्तकं. कॅटलॉग आमच्याच एका जुन्या वाचकाने, तो इंजिनियर आहे, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर करून दिलाय आणि इतकी वर्षं कधी कुरकुर नाही. जुन्या मशीनवर सेंटओएस ७ होतं, ते बंद झालं म्हणून त्यानेच नवीन मशीनवर रॉकी लिनक्स ९ टाकलं, पोस्टग्रेस तेच १३ ठेवलं आणि डेटाची डिरेक्टरी उचलून जशीच्या तशी आणली. पहिल्या फटक्यात सुरू झालं, एरर काहीच नाही. पण आता आयएसबीएन टाकून शोधलं की काही पुस्तकं सापडत नाहीत, पूर्ण यादी काढली की तीच पुस्तकं समोर दिसतात! सापडली नाहीत म्हणून आमच्या बाईंनी चाळीसेक पुस्तकांची परत एंट्री केली आणि सिस्टीमने ती घेतलीसुद्धा, एरवी तोच नंबर दुसऱ्यांदा टाकला की लगेच ओरडायची. कमिटी म्हणते हार्डडिस्क बदला. — ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : हार्डडिस्क बदलू नका, पैसे वाचवा, त्यात दोन कपाटं येतील. तुमचा डेटा धडधाकट आहे. बिघडलीय ती त्याची सूची, आणि ती का बिघडली हे तुम्ही ग्रंथपाल असल्यामुळे इंजिनियरपेक्षा तुम्हाला लवकर कळेल.

जुन्या कार्डांच्या कपाटाची आठवण काढा. समजा आधीच्या ग्रंथपालांनी सगळी कार्डं मराठी वर्णमालेच्या क्रमाने लावली, म्हणजे ळ पार शेवटी, ह च्या नंतर. ते रिटायर झाले आणि नवीन माणूस आला, त्याच्या डोक्यात युनिकोडचा, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला दिलेल्या नंबरांचा, क्रम, त्यात ल च्या लगेच पुढचा नंबर ळ चा. आता हा माणूस ळ वालं कार्ड शोधायला जाणार तो ल आणि व च्या मध्ये हात घालणार, तिथे नाही म्हणून सांगणार 'पुस्तक नाही'. कार्ड फाटलेलं नाही, हरवलेलं नाही, कपाट पण तेच, फक्त लावणारा एका क्रमाने लावून गेला आणि शोधणारा दुसऱ्या क्रमाने शोधतोय. वर हाच माणूस नवीन कार्डं त्याच्या हिशोबाने मध्येच घुसडणार, म्हणजे चार महिन्यांनी त्या कपाटात कुठलाच क्रम शिल्लक राहणार नाही.

तुमच्याकडे हेच झालंय. अक्षरांचा क्रम कसा लावायचा हे पोस्टग्रेस साधारणपणे स्वतः ठरवत नाही, ते लिनक्सच्या जीलिबसी नावाच्या लायब्ररीला विचारतं, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ मध्ये हे क्रमाचे नियम एकदम मोठ्या प्रमाणावर बदलले, आयएसओ १४६५१ या स्टँडर्डच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे केले. सेंटओएस ७ वर जीलिबसी २.१७, रॉकी ९ वर २.३४, म्हणजे तुम्ही बरोबर ती रेघ ओलांडून आलात. डेबियन ९ वरून १० वर जाताना किंवा उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर जाताना हीच रेघ लागते आणि जगभरात अनेकांनी तिथे ठेच खाल्लीय. सगळ्यात जास्त फटका हायफनला. जुन्या नियमात हायफन पहिल्या फेरीत मोजायचाच नाही, नव्यात मोजायचा. खात्री करायची असेल तर दोन ओळींची फाइल करा, एकीत ११ आणि दुसरीत १-१, आकडे इंग्रजी हं, आणि दोन्ही मशीनवर इंग्रजी यूटीएफ-८ लोकेल (भाषेचं सेटिंग) ठेवून सॉर्ट कमांड चालवा, जुन्यावर ११ आधी येईल आणि नव्यावर १-१ आधी. आता आयएसबीएनचा विचार करा, तुमच्याकडे काही नंबर हायफनसकट टाकलेले असणार, काही सलग, शंभर टक्के, प्रत्येक वाचनालयात असतात, आणि तो कॉलम टेक्स्ट असणार. म्हणून नेमका आयएसबीएनच फसला. जिथे सूची निव्वळ आकड्यांवर आहे, म्हणजे सभासद क्रमांक इंटिजर असेल तर, तिथे काहीही झालेलं नाही.

आयएसबीएन 'युनिक', म्हणजे एक नंबर एकदाच, असूनही डुप्लिकेट कसं घेतलं, तर युनिक आहे का हे बघायलाही सिस्टीम तीच सूची चाळते, चुकीच्या खणात बघते, नाही म्हणते, आणि घेते.

आता काय करायचं. पहिलं म्हणजे आजपासून एंट्री बंद, देवघेव वहीत लिहा दोन दिवस. फाइल्सची कॉपी काढा. मग थेट रीइंडेक्स, म्हणजे सूची नव्याने बनवायची कमांड, चालवायचा मोह होईल, पण तो अर्ध्यात अडकेल, कारण चाळीस डुप्लिकेट आहेत आणि युनिक सूची नव्याने बनवताना पोस्टग्रेस 'कुड नॉट क्रिएट युनिक इंडेक्स' म्हणून थांबणार. म्हणून आधी डुप्लिकेट शोधा, आणि शोधताना मोडकी सूची वापरली जाऊ नये म्हणून त्या सेशनमध्ये इनेबल_इंडेक्सस्कॅन, इनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन आणि इनेबल_बिटमॅपस्कॅन या तिन्ही गोष्टी ऑफ करून मग ग्रुप बाय (सारखे नंबर एकत्र करून मोजणं) लावा. ही पायरी लोक हमखास विसरतात आणि मग 'डुप्लिकेट तर शून्य दाखवतंय' म्हणून मला मेल करतात. प्रत्येक जोडीत जुनी नोंद ठेवा, नव्या नोंदीवर या काळात काही इश्यू झालं असेल तर ते जुनीवर वळवा, मग नवी पुसा. हे काम प्रोग्रॅमवर सोपवू नका, चाळीसच आहेत, बाईंना बरोबर घेऊन हाताने करा, त्यांना आठवत असेल कुठली कुठली टाकली ते. त्याच्यानंतर रीइंडेक्स डेटाबेस. अठरा हजार पुस्तकांना चहा गार व्हायच्या आत होईल. शेवटी खात्रीसाठी अमचेक नावाचं एक्स्टेन्शन पोस्टग्रेसबरोबरच येतं, त्यातलं बीटी_इंडेक्स_चेक सगळ्या सूच्यांवर चालवायचं, आणि त्यात हीपऑलइंडेक्स्ड ट्रू द्यायचं म्हणजे प्रत्येक पुस्तकाचं कार्ड सूचीत आहे का तेही बघितलं जातं.

त्या इंजिनियरला रागवू नका, त्याने एरवी सगळं नीट केलं. डिरेक्टरी उचलून आणण्याऐवजी डंप (सगळा डेटा मजकूर म्हणून उतरवलेली प्रत) काढून नव्या मशीनवर रिस्टोअर केला असता तर सूच्या तिथेच नव्याने बनल्या असत्या आणि हे पत्र आलंच नसतं, एवढंच. पुढच्या वेळी १३ च्या वरही जा, त्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला, आणि १५ पासून तर डेटाबेस बनवताना क्रमाच्या नियमांचं व्हर्जन लिहून ठेवलं जातं, ते बदललं की कनेक्ट होतानाच 'कोलेशन व्हर्जन मिसमॅच' अशी वॉर्निंग येते (कोलेशन म्हणजे हेच क्रमाचे नियम). ती वॉर्निंग आली की लोक रिफ्रेश कोलेशन व्हर्जन चालवून तिचं तोंड बंद करतात, सूची मात्र तशीच मोडकी राहते! आधी रीइंडेक्स, मग रिफ्रेश. आणि आयएसबीएन किंवा दाखल क्रमांक असल्या कॉलमला सी कोलेशन द्या, तिथे बाइटप्रमाणे क्रम लागतो, तो कुठल्याही अपग्रेडने बदलत नाही, ळ चं काय करायचं ते फक्त पुस्तकाच्या नावापुरतं ठेवा.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाची वेबसाइट मी गेली बरीच वर्षं फावल्या वेळात सांभाळतो. २००६ पासूनचे अंक, लेख, कार्यक्रमांची वर्णनं सगळं त्यात. होस्टिंगवाल्यांनी माय-एस-क्यू-एल ५.७ वरून ८.० वर नेलं आणि आता सगळ्या मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि कसलीतरी चलनाची चिन्हं दिसतात. नवीन टाकलेल्या दोन बातम्यांमध्ये नुसती प्रश्नचिन्हं. होस्टिंगवाले म्हणतात तुमचा डेटा आधीपासूनच करप्ट होता. मंडळाचे ज्येष्ठ सभासद फार नाराज आहेत. — एक सभासद, डेट्रॉइट

उत्तर : होस्टिंगवाले अर्धं खरं बोलतायत. डेटा करप्ट नव्हता, पण पहिल्या दिवसापासून चुकीचं लेबल लावून ठेवलेला होता, आणि गेली एवढी वर्षं दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या.

२००६ च्या सुमारास माय-एस-क्यू-एलमध्ये काही सांगितलं नाही तर टेबल लॅटिन-१ चं, म्हणजे युरोपी लिपीच्या जुन्या एन्कोडिंगचं, बनायचं. तुमची साइट पण लॅटिन-१ म्हणूनच कनेक्ट व्हायची. मराठी मजकूर यूटीएफ-८ (सगळ्या लिपी चालणारं एन्कोडिंग) चे बाइट म्हणून आत जायचा, डेटाबेसला वाटायचं हे कुठलंतरी युरोपी लिखाण आहे, ते तसंच ठेवायचा आणि मागितलं की तसंच परत द्यायचा, ब्राउझर त्याचं मराठी करून दाखवायचा. बंद पाकिटात काय आहे हे न बघता पोस्टमन ने-आण करतो तसं. ८.० मध्ये डिफॉल्ट यूटीएफ-८-एमबी-४ झालं, नवीन कनेक्शन त्याने होतंय, आणि आता पोस्टमन पाकीट फोडून 'हे लॅटिन आहे, तुम्हाला यूटीएफ हवंय, थांबा भाषांतर करून देतो' म्हणून प्रत्येक बाइटचं वेगळं अक्षर करून देतोय. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, आणि पहिला बाइट कायम ई-शून्य, दुसरा ए-चार किंवा ए-पाच. लॅटिनमध्ये ई-शून्य म्हणजे तुमचा तो तिरक्या रेघेचा ए, ए-चार म्हणजे चलनाचं गोल चिन्ह आणि ए-पाच म्हणजे जपानी येन. म्हणून सगळीकडे तेच तेच दिसतंय. हे बघून खरं तर हुश्श करायचं, कारण हे दिसतंय म्हणजे मूळ बाइट शाबूत आहेत.

प्रश्नचिन्हांचं तसं नाही. त्या दोन बातम्या गेल्या. खरं मराठी लॅटिनच्या कॉलममध्ये मावत नाही म्हणून डेटाबेसने प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं, त्यातून परत काही निघत नाही. त्यामुळे आज, हे वाचल्या वाचल्या, साइटवर नवीन काही टाकणं बंद करा आणि कुणी जुना लेख एडिट करून सेव्ह करत नाही ना तेही बघा, जुना लेख तसा सेव्ह झाला तर तोही जायची भीती.

खात्री करायला कुठल्याही एका लेखाच्या नावाचं हेक्स, म्हणजे आतले बाइट जसेच्या तसे, काढा. म या अक्षराचं ई-शून्य, ए-चार, एई असं आलं आणि कॉलम लॅटिन-१ आहे, तर मी म्हणते तसंच झालंय. सी-तीन ए-शून्य ने सुरुवात होत असेल तर मात्र मजकूर दोनदा एन्कोड झालाय आणि उपाय थोडा वेगळा, तेव्हा मला परत लिहा. तात्पुरतं भागवायचं तर साइटच्या कनेक्शनमध्ये सेट नेम्स लॅटिन-१ करा, क्षणात सगळं मराठी परत दिसेल, ज्येष्ठ सभासदही शांत होतील. पण कायमचा उपाय तो नाही. कायमचा म्हणजे प्रत्येक टेक्स्ट कॉलम आधी ब्लॉब (नुसते बाइट ठेवणारा बायनरी कॉलम) करायचा, व्हारचार असेल तर व्हारबायनरी, आणि मग तिथून यूटीएफ-८-एमबी-४ चा टेक्स्ट. मध्ये बायनरी केल्याने डेटाबेस लेबल विसरतो आणि बाइटला हात न लावता नवीन लेबल चिकटवतो. इंटरनेटवर सगळीकडे सापडणारी कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट ही सरळ कमांड तुमच्या केसमध्ये चालवायची नाही, ती भाषांतर करून ते तिरके ए कायमचे आत कोरून टाकते.

एक खाचखळगा सांगून ठेवते. लॅटिन-१ चा व्हारचार २५५ म्हणजे २५५ बाइट, म्हणजे मराठीची जेमतेम ८५ अक्षरं, आणि काना-मात्रा-वेलांटी पण वेगळी मोजली जाते. आपल्या मंडळींची लेखांची शीर्षकं काय लांबीची असतात ते माहीतच आहे. जी त्याहून मोठी होती ती तेव्हाच कापली गेलीयत, आणि काही ठिकाणी कात्री बरोबर अक्षराच्या मध्ये चाललीय, त्या ओळी बदलताना 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू' म्हणून अडतील. शेवटचे एक-दोन बाइट काढून टाकले की जातात पुढे. आणि नवीन कॉलम एमबी-४ चाच करा, नुसता यूटीएफ-८ नाही, माय-एस-क्यू-एलच्या त्या जुन्या यूटीएफ-८ मध्ये तीनच बाइट मावतात, मराठीला पुरतं पण कुणी गणपतीच्या शुभेच्छांत इमोजी टाकला की परत बोंब.

प्रश्न : ताई प्लीज अर्जंट, फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे. झॅम्प (माय-एस-क्यू-एल वगैरे एकत्र देणारं पॅकेज) नवीन टाकलं, जुन्यातला डेटा फोल्डर त्यात पेस्ट केला, 'माय-एस-क्यू-एल शटडाऊन अनएक्स्पेक्टेडली' येतंय. एका व्हिडिओत सांगितलं म्हणून आयबीडेटा-वन डिलीट केलं, आता सुरू होतंय पण प्रत्येक टेबलला 'डझन्ट एक्झिस्ट इन इंजिन'. सगळा डेटा गेला का? — एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : अरे आधी रिसायकल बिन बघ. खरंच सांगते, चेष्टा नाही, आयबीडेटा-वन तिथे पडलेली असेल तर निम्मं काम झालं. आणि मासिक हातात पडेपर्यंत तुझी व्हायव्हा होऊनही गेली असेल म्हणून तुला मेलवर उत्तर दिलंच होतं, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय.

तो 'शटडाऊन अनएक्स्पेक्टेडली'चा मेसेज काहीच सांगत नाही, नुसतं ३३०६ पोर्ट दुसऱ्या कुणी अडवलं असेल तरी तोच येतो. खरं कारण माय-एस-क्यू-एल_एरर नावाच्या लॉगमध्ये शेवटच्या वीस ओळींत असतं, ते वाचायच्या आधी काहीही डिलीट करायचं नसतं. आयबीडेटा-वन म्हणजे इनोडीबीची (माय-एस-क्यू-एलमधलं डेटा साठवणारं इंजिन) मुख्य खतावणी, कुठलं टेबल कुठे आहे ते तिच्यात. टेबलातल्या ओळी मात्र प्रत्येक टेबलच्या वेगळ्या .आयबीडी फाइलमध्ये असतात, त्या तुझ्या फोल्डरमध्ये अजून आहेत. म्हणून खतावणी गेली तर 'इंजिनमध्ये नाही' म्हणतो, माल गोडाऊनमध्येच आहे.

बिनमध्ये मिळाली तर आत्ताचा डेटा फोल्डर बाजूला ठेव, झॅम्पबरोबर बॅकअप नावाचा कोरा फोल्डर येतो त्याची कॉपी करून तिला डेटा नाव दे, त्यात फक्त तुझ्या प्रोजेक्टच्या डेटाबेसचा फोल्डर आणि आयबीडेटा-वन टाक, माय-एस-क्यू-एल आणि परफॉर्मन्स स्कीमा हे त्याचे स्वतःचे फोल्डर जुन्यातले आणायचे नाहीत. नसेल मिळाली तर नवीन रिकामा डेटाबेस बनव, त्यात सगळी टेबलं अगदी जुन्यासारखीच क्रिएट कर, कॉलमचा क्रम आणि टाइप तंतोतंत, मग एकेका टेबलाला आल्टर टेबल करून डिस्कार्ड टेबलस्पेस, जुनी .आयबीडी तिथे कॉपी, आणि इम्पोर्ट टेबलस्पेस. वॉर्निंग येईल, येऊ दे. आठ-दहा टेबलं असतील तर तासाभराचं काम.

व्हिडिओत पुढे इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी, म्हणजे डेटाबेस जबरदस्तीने उठवायचं सेटिंग, ६ करा असंही सांगतात. नको. १ पासून एकेक वाढवायचं, ३ पर्यंत फारसं बिघडत नाही, ४ पासून पुढे तो स्वतःच डेटाची कायमची वाट लावू शकतो. मी एकदा रात्री दोन वाजता, झोपेत आणि घाबरून, एका क्लायंटच्या चालू डेटाबेसवर थेट ६ लावलं होतं, कॉपी न काढता. सुरू झाला, मी खूश. सकाळी त्यांची तीन महिन्यांची चलनं नव्हती. ती तीन आठवडे बसून कागदांवरून परत टाकली, क्लायंटच्या दोन मुली आणि मी.

प्रश्न : डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर तयार 'इमेज'वरून कंटेनरमध्ये चालवायची सोय) पोस्टग्रेस लेटेस्ट टॅगवर, म्हणजे सर्वात नवीन व्हर्जनवर, होतं. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर इमेज नवीन आली आणि कंटेनर उठतच नाही, 'डेटाबेस फाइल्स आर इनकम्पॅटिबल विथ सर्व्हर'. करप्शन आहे का हे? — डेव्हलपर, हिंजवडी

उत्तर : नाही. पोस्टग्रेसच्या एका मोठ्या व्हर्जनच्या फाइल्स दुसरं मोठं व्हर्जन थेट वाचत नाही, आणि तो शहाणा आहे म्हणून हात न लावता बाजूला झाला. पुढच्याच ओळीत फाइल्स कुठल्या व्हर्जनच्या आहेत तो नंबर लिहिलेला आहे, त्या नंबरची इमेज लाव, उठेल. मग डंप काढ, नवीन व्हर्जनला नवीन व्हॉल्यूम दे, त्यात रिस्टोअर कर. आणि लेटेस्ट टॅग डेटाबेसला लावणारा माणूस टीममध्ये कोण आहे ते शोध. (तूच असशील तर कुणाला सांगू नकोस.)

प्रश्न : आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. वीस वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर, डेटाबेस एस-क्यू-एल सर्व्हर, एकापाठोपाठ एक व्हर्जन चढवत आणलाय. आत्ताच्या अपग्रेडनंतर नवीन इंजिनियरने चेकडीबी (सगळा डेटाबेस तपासणारी कमांड) चालवलं तर एरर ८२४ दोन ठिकाणी आणि २५७० पन्नासेक. तो म्हणतो अपग्रेड फसलं, रिपेअर_अलाऊ_डेटा_लॉस चालवू का? — डॉक्टर, नाशिक

उत्तर : डॉक्टर, पेशंटला पहिल्यांदाच तपासलं आणि रिपोर्ट खराब आला तर त्याचा दोष तपासणीला देत नाहीत. चेकडीबी याआधी कधी चालवलं होतं ते विचारा. डेटाबेस रोज चालतो तेव्हा लागतील तेवढीच पानं (डेटाचे ठरावीक तुकडे) वाचतो, २०११ सालच्या एका रिपोर्टचं पान सात वर्षांपूर्वी डिस्कवर कुजलं असेल तर ते कुणी मागेपर्यंत कळतच नाही. आत्ता कुणीतरी सगळी पानं वाचली म्हणून कळलं.

दोन एरर दोन वेगळ्या जातीच्या आहेत. २५७० म्हणजे पान ठीक आहे पण आतली किंमत त्या कॉलमला शोभत नाही, तारखेच्या जागी अशक्य तारीख वगैरे, २००५ च्या आधीच्या व्हर्जनमधून आलेल्या डेटाबेसमध्ये हे असतं कारण तेव्हा आत जातानाची तपासणी ढिली होती. हे कुठल्याही रिपेअरने दुरुस्त होत नाही, ओळी शोधून हाताने बरोबर किंमत टाकावी लागते, आणि ती किंमत काय हे इंजिनियर नाही, तुम्हीच सांगू शकता. ८२४ गंभीर आहे, पानावरचा चेकसम (पान बदललं नाही ना हे पडताळायचा आकडा) जुळत नाही किंवा पान अर्धवट लिहिलं गेलंय. आणि त्या रिपेअरच्या नावातच लिहिलंय की डेटा जाईल, मोडकं पान तो सरळ काढून टाकतो, त्याच्यावरचे रिपोर्ट गेले. दोनच पानं आहेत ना, मग जुन्या बॅकअपमधून तेवढी पानंच परत आणता येतात, पेज रिस्टोअर म्हणतात त्याला, फक्त फुल रिकव्हरी मॉडेल आणि तेव्हापासूनचे लॉग बॅकअप हवेत. ते नसतील तर ज्या बॅकअपमध्ये ते पान चांगलं आहे तो वेगळ्या नावाने उघडून त्यातून त्या ओळी उचला. आधी मात्र डिस्क आणि कंट्रोलर तपासा, एरर लॉगमध्ये ८२५ दिसतोय का बघा, तो म्हणजे 'दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर वाचता आलं', सौम्य मेसेज म्हणून येतो आणि कुणी ढुंकून बघत नाही. दिसला तर डिस्क आजच बदला. हो, सातारच्या कमिटीला मी उलटं सांगितलं, माहितीय. आणि पेज व्हेरिफाय चेकसमवर आहे का तेही बघून घ्या, एवढ्या जुन्या डेटाबेसवर ते अजून जुन्याच सेटिंगवर राहिलेलं असतं.

प्रश्न : दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर अपडेट केलं, मग 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड' आलं म्हणून आदल्या रात्री पेनड्राइव्हवर घेतलेली .डीबी फाइल परत टाकली, तर त्यात शेवटच्या दोन दिवसांची बिलंच नाहीत. फाइल तर काल रात्रीची आहे! — किराणा दुकानदार, लातूर

उत्तर : तुमच्या सॉफ्टवेअरच्या आत एस-क्यू-लाइट नावाचा डेटाबेस आहे. बहुतेक सॉफ्टवेअर चालू असताना कॉपी घेतलीत. चालू असताना ताजी बिलं मुख्य फाइलमध्ये नसतात, बाजूला त्याच नावाची पण शेवटी -वॉल असलेली फाइल असते तिच्यात असतात, आणि अधूनमधून ती मुख्य फाइलमध्ये रिकामी होते. म्हणजे गल्ल्यातले पैसे मोजून नेले, खिशातले राहिले. तुम्ही जुनी .डीबी परत टाकलीत तेव्हा शेजारची -वॉल तिथेच होती का, की सॉफ्टवेअर उघडून परत बंद केलंत? त्यावर सगळं अवलंबून आहे, कारण दुसऱ्याच वेळची -वॉल नव्या .डीबीला लागली तर तीच फाइल बिघडते. आता सॉफ्टवेअर उघडू नका. बिघडलेली मूळ .डीबी कुठे ठेवली असेल तर ती, -वॉल, आणि -एसएचएम नावाची तिसरी एक छोटी फाइल असेल तर तीही, एका फोल्डरमध्ये कॉपी करा, सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की त्या कॉपीवर प्राग्मा इंटिग्रिटी_चेक आणि मग एस-क्यू-लाइटच्या कमांड लाइनवरचं .रिकव्हर चालवून बघ, २०१९ नंतरच्या व्हर्जनमध्ये ते असतं. दोन दिवसांची बिलं त्यातून निघायची चांगली शक्यता आहे. मूळ .डीबीवर पेनड्राइव्हची पेस्ट करून तीच पुसली असेल तर मग उधारीची वही काढा, आणि निदान ज्यांची बाकी आहे त्यांची बिलं आजच्या आज लिहून घ्या, लोकांना आठवतंय तोवर.